साखळीतलं बिनपाटीचं दुकान : शक्तीचे प्रयोग भाड्याने

गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारामागे, वाळवंटी नदीच्या बाजूला उतरणाऱ्या गल्लीत एक दुकान आहे. त्याला पाटी नाही. दाराशी उभे केलेले दोन नक्षीदार खांब आणि चौकटीवर टांगलेली सोनेरी गदा, एवढीच खूण. आसपासच्या गावांतली नाटक मंडळं त्याला नुसतं 'काकांकडे' म्हणतात. 'प्रॉपर्टी (म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तू) कुठनं आणली?' 'काकांकडनं.' एवढ्यावर भागतं. ड्रेपरी मिळणारी दुकानं गोव्यात बरीच आहेत, राजाचे अंगरखे नि राणीचे शालू कुठेही मिळतील. पण रंगमंचावर साखळी तोडायची असेल, लोखंडी गज वाकवायचा असेल, दगड उचलायचा असेल किंवा देवळाचा खांब पाडायचा असेल, तर माझ्या माहितीत हे एकच दुकान आहे. यंदा आमच्या जत्रेच्या नाटकाला मी सगळी प्रॉपर्टी तिथूनच आणली. आमच्यासारख्या इतर मंडळांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी सत्तरी तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. जत्रेच्या दुसऱ्या रात्री आमच्या गावातल्या मुलांचं नाटक असतं आणि गेली बरीच वर्षं ते मी बसवते. यंदाचं चाळीस मिनिटांचं नाटक मीच लिहिलं होतं. आजोबा, बाप आणि नातू यांच्यात भांडण लागतं की जगात सगळ्यात बलवान कोण. आजोबांचा भीम, बापाचा हर्क्युलीस, नातवाचा केप घातलेला सुपरहिरो. तिघेही एकेक करून रंगमंचावर येतात आणि आपापला पराक्रम दाखवतात.

हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. रामायण मालिका 1987 मध्ये सुरू झाली तेव्हा आमच्या वाड्यावर एकाच घरी टीव्ही होता आणि रविवारी सकाळी आम्ही सगळी भुरगी तिथे जाऊन बसायचो. दारासिंग हनुमान झाले होते. पप्पा शेजारी बसून सांगायचे, हा माणूस खरा पैलवान आहे, 1962 सालच्या किंग काँग सिनेमाचा हीरो हाच. पुढे महाभारत आलं. त्यातला भीम, प्रवीणकुमार सोबती, हा तर 1966 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत थाळीफेकीचं सुवर्णपदक मिळवलेला खेळाडू. तेव्हा मला समजत नव्हतं, पण आज वाटतं की त्या दोघांवर आमचा विश्वास बसायचा तो त्यांच्या दंडांमुळे नव्हे, त्यांच्या उभं राहण्यामुळे. जन्मभर वजन उचललेला माणूस गदा हातात घेताना आधी पाय रोवतो. त्याला ते कुणी शिकवावं लागत नाही.

आमच्या मुलांना मात्र ते शिकवावं लागणार होतं, आणि त्यात प्रॉपर्टीचा मोठा वाटा असतो. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावच्या दुकानातून आम्ही साखळी आणली होती. प्लॅस्टिकची, वरून चंदेरी रंग. मांडवातल्या टांगत्या माइकमध्ये ती अशी खुळखुळली की पहिल्या रांगेतल्या पोरांना खेळण्याचा आवाज ओळखू आला. त्यात ती तुटलीही नाही, ताणली गेली. बिचाऱ्या नटाने शेवटी ती पायाखाली धरून ओढली. तो प्रवेश मला अजून टोचतो.

काकांची साखळी अगदी वेगळी आहे. ती खऱ्या लोखंडाची आहे. होडी बांधायला वापरतात तसल्या जाड कड्यांची, दोन्ही टोकांना हातभर. फक्त मधलं एक कडं करवतीने कापलेलं असतं आणि ती फट मेणाने भरलेली असते. मेणात पेन्सिलीच्या शिशाची पूड मिसळतात, त्यामुळे रंग लोखंडाचाच येतो. मी दुकानात ते कडं बोटांनी चाचपून शोधत होते, मला सापडलं नाही. काकांनी माझं बोट धरून नेमकं तिथे टेकवलं तेव्हा कुठे किंचित गुळगुळीतपणा लागला. जोराचा हिसका दिला की मेण सुटतं, कडं उघडतं आणि साखळीची दोन्ही टोकं फळ्यांवर आपटतात. तो आवाज काही केल्या खोटा काढता येत नाही. सुमारे तीन किलो लोखंड लाकडावर पडल्याचा तो आवाज असतो आणि मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतो. काकांनी एवढंच बजावलं, की उन्हात ठेवू नका, मेण मऊ होतं. आणि नटाच्या मनगटाला आतून कापडी पट्टी बांधा, कडं उघडताना कडेने ओरखडतं.

साखळी तोडणारा पडद्यावरचा पहिला मोठा बलवान मुका होता. 1914 च्या काबिरिया या इटालियन मूकपटात माचिस्ते नावाचा बलदंड गुलाम आहे, त्याला वर्षानुवर्षं जात्याला साखळदंडाने जखडून ठेवलेलं असतं. ते काम करणारा बार्तोलोमेओ पगानो हा जिनोव्हा बंदरावरचा हमाल होता. लोकांना तो इतका आवडला की पुढे माचिस्तेचे सिनेमेच्या सिनेमे निघाले. मुरगाव बंदरावरच्या एखाद्या कामगाराला उचलून पडद्यावर नेल्यासारखंच ते झालं. त्याला आवाजाची मदत नव्हती, म्हणून ओझं वाहिलेलं शरीर लागलं. आमच्याकडे शरीरं आठवी-नववीतली, म्हणून आम्हाला आवाज लागतो. काकांना हे पक्कं ठाऊक आहे. साखळी देताना त्यांनी विचारलं होतं, "तोडपी कोण? वय किती?" वय ऐकून त्यांनी बारकी साखळी परत आत ठेवली आणि जाड काढली. मला उलटं वाटलं होतं.

हीच गोष्ट दगडाची. थर्मोकोल कोरून, त्यावर वर्तमानपत्राचे कपटे खळीने चिकटवून, वरून कापड आणि चिऱ्याचा तांबूस रंग. जांभ्या दगडाला असतात तशी भोकंसुद्धा त्यांनी तापलेल्या सळईने पाडलेली आहेत. मी तो उचलायला गेले आणि दचकले. तो जड होता. आत मध्यावर सहा किलो वाळूची पिशवी बसवलेली आहे. मी म्हटलं, काका, पोरांना उचलायचाय तो. त्यावर काकांनी जे सांगितलं ते मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे : "बाय, वजन नासलें जाल्यार नट फट मारता." ज्यात वजन नाही ते उचलताना नट खोटं बोलतो. रिकामा थर्मोकोल उचलणारा कितीही तोंड वेडंवाकडं करो, त्याची कोपरं सैल असतात, दगड वर जाताना मध्येच हलका होतो, खाली ठेवताना तर हटकून उडतो. सहा किलो काही फार नाही, पण तेवढ्याने खांदा खाली येतो आणि बाकीचं काम खांदा करतो.

यानंतर मी घरी जुने सिनेमे पुन्हा पाहायला बसले, फक्त हेच बघायला. 1949 च्या सॅमसन अँड डिलायलामध्ये व्हिक्टर मॅच्युअर सिंहाशी झुंजतो. लांबच्या दृश्यांत बदली माणूस आणि खरा माणसाळलेला सिंह आहे, जवळून मात्र पेंढा भरलेला. मॅच्युअर काही कमी ताकदीचा दिसत नाही, पण सिंह त्याला काहीच परत देत नाही. मान वळवली की वळते, सोडली की पडते. त्याच सिनेमाच्या शेवटी तो देवळाचे खांब ढकलतो तेव्हा आधी बराच वेळ काही होत नाही, लोक हसतात, मग एक सांधा सरकतो. तिथे मी श्वास धरला. 1958 चा हर्क्युलीस बघताना तसंच झालं. स्टीव्ह रीव्ह्ज 1947 चा मिस्टर अमेरिका आणि 1950 चा मिस्टर युनिव्हर्स, त्याच्या शरीराबद्दल कुणाला शंका येणार? तरी तो साखळ्या खांबांना गुंडाळून मागे झुकतो तेव्हाच मला तो हर्क्युलीस वाटला, कारण त्या क्षणी त्याचं सगळं अंग साखळीच्या ताणावर टेकलेलं आहे. आणि आपल्याकडे? कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 1920 मध्ये सैरंध्री काढला, त्यात भीम कीचकाचा वध करतो तो प्रसंग इतका खरा उतरला की सेन्सॉरने तो काढायला लावला. मूकपटाच्या काळात, हाताने बनवलेल्या साहित्यावर हे केलं त्यांनी. त्या माणसांच्या हाताखाली कोण कारागीर होते कोण जाणे, पण काकांच्या दुकानात गेलं की मला तेच आठवतात.

दगडाबरोबर काकांनी आणखी एक गोष्ट फुकट दिली. म्हणाले, हा दगड नटाने विंगेतून आणायचा नाही. आधी दोघांनी मिळून, धापा टाकत, मध्ये एकदा खाली ठेवून आणायचा. ते दोघं गेले की मग एकट्याने उचलायचा. आम्ही तसंच केलं. दगड आणणाऱ्या दोघांतल्या एकाने तर बोट चिमटल्याचा अभिनय केला, तो त्याने स्वतःच शोधून काढला होता. त्यानंतर भीमाने दगड डोक्यावर नेला तेव्हा मांडवातून जो 'हो' उठला त्यातला अर्धा त्या दोन पोरांचा होता. 1938 च्या जून महिन्याच्या अॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ आठवा. सुपरमॅनने हिरवी मोटार उचलून आपटली आहे. पण डाव्या कोपऱ्यात खाली डोकं धरून पळत सुटलेला एक माणूस आहे, मोटारीचं वजन त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. आणि 1978 च्या सुपरमॅनमध्ये तो लहानगा मुलगा घसरलेली गाडी एकट्याने उचलून धरतो, त्याला काही कष्टच पडत नाहीत, तरी ते पटतं. कारण शेजारी म्हातारा-म्हातारी आ वासून उभी आहेत. काकांनी यातलं काय बघितलंय मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

भीम आणि हर्क्युलीस ही दोन्ही कामं नववीतल्या एकाच मुलाकडे होती, आमच्याकडे मुलं कमी. त्याचे वडील चिरेखाणीवर कामाला आहेत. एका तालमीला ते आले आणि कोपऱ्यात उभे राहून बघत होते. मध्येच त्यांनी मला विचारलं, 'टीचर, मी दाखवू काय?' आणि दगडाजवळ गेले. पाय दोन्ही बाजूंना, गुडघे वाकवले, पाठ सरळ, तळहात दगडाखाली सरकवून क्षणभर नुसते थांबले. मग श्वास घेऊन धरला आणि उठले. सहा किलोचा दगड तीस किलोच्या चिऱ्यासारखा वर आला. मुलगा ते बघत होता. त्यानंतर मला त्याला काही सांगावं लागलं नाही.

आता गजाबद्दल. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि इथेच माझी तक्रारही आहे.

बाकीच्या ठिकाणी गज म्हणून रबरी नळी देतात, आत तार घातलेली. ती धरल्या धरल्या दोन्हीकडून लोंबते. काका अॅल्युमिनियमची सळी देतात, काळा रंग दिलेली. ती आधी मऊ करावी लागते. मी गेले तेव्हा त्यांचं तेच काम चाललं होतं आणि त्यांनी मला बसवून दाखवलं. सळीवर कपड्याच्या साबणाची वडी घासायची, पांढरा पट्टा उठेपर्यंत. मग खालून ब्लो लॅम्पची आच फिरवायची. अॅल्युमिनियम तापलं तरी लोखंडासारखं लाल होत नाही, त्यामुळे किती तापलं ते डोळ्यांना कळत नाही, आणि जरा जास्त झालं की एकदम वितळून बसतं. साबण सांगतो. पांढरा पट्टा आधी तपकिरी होतो, मग काळा. काळा झाला की आच काढायची. गार झाल्यावर ती सळी मऊ असते, पोरसवदा हातांनाही वाकते, पण नळीसारखी लोंबत नाही, जोर मागते. खोलीभर जळक्या साबणाचा वास भरला होता आणि काका सळीकडे दुधावर लक्ष ठेवावं तसं बघत होते.

दोन जाड्या मिळतात, दहा मिलिमीटर आणि बारा मिलिमीटर. मी बाराची घेतली, मागच्या रांगेतूनही दिसावी म्हणून. इथे थोडं गणित लक्षात ठेवा. गोल सळी वाकवायला लागणारा जोर तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट तर जोर आठपट. दहाच्या जागी बारा घेतली म्हणजे दिसायला फार फरक नाही, हाताला मात्र जवळजवळ पावणेदोन पट. काकांनी भाडं सांगितलं, दोनशे रुपये, 'चार वाकवण्यांचं'. मला वाटलं हा हिशेबाचा भाग असेल, जास्त वाकवली तर जास्त पैसे. म्हटलं देऊ.

तसं नव्हतं. अॅल्युमिनियम वाकवलं, सरळ केलं, पुन्हा वाकवलं की दर वेळी ते कडक होत जातं. मऊपणा संपतो, पुन्हा तापवल्याशिवाय येत नाही. चार ही त्या मऊपणाची मर्यादा होती. आम्ही तालमीत दोनदा, रंगीत तालमीत एकदा, आणि मधल्या सुट्टीत मुलांनी आपसात तीनदा वाकवली. दर वेळी शाळेच्या बाकावर लाकडी मोगरीने ठोकून सरळ केली. प्रयोगाच्या रात्री ती सातव्यांदा वाकायची होती.

हर्क्युलीसचा प्रवेश आला. तुरुंग, समोर आडवा गज, बापाचं काम करणारा मुलगा बाजूला उभा राहून वर्णन करतो आहे. ठरलं होतं की 'आणि मग' म्हटल्यावर गज वाकायचा. 'आणि मग' झालं. गज वाकला नाही. प्रॉम्प्टरने वाक्य पुन्हा दिलं, त्या मुलाने पुन्हा म्हटलं, 'आणि मग'. काही नाही. पेटीवाल्यांनी एक सूर धरून ठेवला होता, तो त्यांनी सोडला नाही. मी विंगेत उभी होते आणि माझे हात गार पडले होते. मुलाने दोनदा ओढून बघितलं, त्याचे तळवे घामाने घसरत होते. मग त्याने गज खाली घेतला, धोतराचा सोगा उपसून दोन्ही हातांना गुंडाळला, गज मांडीवर टेकवला, आणि पाय दोन्ही बाजूंना रोवून क्षणभर नुसता थांबला. ते थांबणं मी ओळखलं. श्वास घेऊन त्याने धरला. मांडव गप्प झाला होता, बाहेर खाजं विकणाऱ्याच्या कंदिलाभोवतीची पोरंसुद्धा आत बघत होती. गजावरचा काळा रंग मध्यावर तडकला, त्याचे पापुद्रे उडाले आणि आतली चंदेरी रेघ दिसली. ती रुंदावत गेली. गज वाकला, आणि त्याने तो पार टोकं जुळेपर्यंत वाकवला. टाळ्या लगेच नाही झाल्या. पुढे चटईवर बसलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "जालें पुता, जालें." मग टाळ्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या भाच्याने, तो पणजीला कॉलेजात आहे, मला फोनवर स्पायडरमॅनच्या जुन्या मालिकेचा तेहतिसावा अंक दाखवला, 1966 चा, स्टीव्ह डिटको यांनी चितारलेला. स्पायडरमॅन एका भल्यामोठ्या यंत्राखाली अडकला आहे, वरून पाणी गळतं आहे, आणि तो ते यंत्र उचलायचा प्रयत्न करतो आहे. पानंच्या पानं तेवढंच. उचलतो, हरतो, विचार करतो, पुन्हा उचलतो. चौकटी हळूहळू मोठ्या होत जातात आणि शेवटी एक अख्खं पान त्याच्या उठण्याला दिलं आहे. भाचा म्हणाला, मामी, काल हेच झालं ना? हो, हेच झालं. आणि ते माझ्या लिहिण्यामुळे किंवा बसवण्यामुळे झालं नाही, एका सळीने खरोखर नाही म्हटल्यामुळे झालं. माझ्या संहितेत तिथे एका वाक्याचाही विलंब नव्हता. आता आहे.

तरीही तक्रार ती तक्रारच. चार म्हणजे काय, हे काकांनी उलगडून सांगायला हवं होतं. तो मुलगा रंगमंचावर हरला असता तर मी स्वतःला माफ केलं नसतं. परत करायला गेले तेव्हा हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही, आणि म्हणाले, रंगीत तालमीनंतर सळी घेऊन यायची, मी तापवून देतो, त्याचे पैसे नाहीत. आता ते हे प्रत्येकाला सांगतात असं ऐकलं. तुम्हाला नाही सांगितलं तर तुम्ही विचारा.

बाकी वस्तूंबद्दल थोडक्यात. खांबांची जोडी वेताच्या चटईची, आत पोकळ, दोरी ओढली की तीन तुकडे होऊन पडते. छान पडते, पण एका खांबाचा रंग दुसऱ्यापेक्षा फिका आहे आणि दिव्यांत ते कळतं. पाडताना वरून मैद्याची पुरचुंडी सोडायची सूचना काकांची, तिचा परिणाम फार चांगला होतो, मात्र पेटीवर आधी कापड टाका. मारुती 800 चा प्लायवूडचा पुढचा भागही त्यांच्याकडे आहे, बंपरला धरून उचलायला कडी बसवलेली. तो आमच्या टेम्पोत मावला नाही, म्हणून आमच्या सुपरहिरोला साखळीवर समाधान मानावं लागलं. गदेला मी कमी गुण देईन. फायबरची आहे, आत वजन नाही, काकांनी स्वतःचाच नियम इथे का सोडला कळत नाही. सोनेरी वर्ख हाताला लागतो, आमच्या भीमाचा गालही सोनेरी झाला होता. आम्ही तिच्या मुठीत ओली माती भरून तोंडाला चिंधी कोंबली, तेव्हा ती जरा गदेसारखी फिरली.

व्यवहाराचं म्हणाल तर सगळं रोख. बिल मिळत नाही, वहीत नाव लिहून तुमची सही घेतात. ज्या मंडळांना खर्चाचा हिशेब द्यायचा असतो त्यांनी स्वतःचं पावतीपुस्तक न्यावं, काका त्यावर सही करतात. आम्ही साखळीचे दीडशे, सळीचे दोनशे, दगडाचे तीनशे, खांबांचे पाचशे आणि गदेचे शंभर दिले, डिपॉझिट हजार. फोन शक्यतो उचलत नाहीत, जाऊन भेटणं बरं. वाळपईहून कदंब बसने आलात तर साखळीच्या स्टँडवरून चालत दहा मिनिटं. जत्रांच्या दिवसांत, विशेषतः माघ-फाल्गुनात, निदान तीन आठवडे आधी सांगा. पावसाळ्यात नाटक असेल तर कापड लावलेल्या वस्तू आधी हुंगून बघा, दमट वास धरतात. आणि मुख्य म्हणजे नटाला बरोबर घेऊन जा. काका त्याचे हात बघतात, त्याला चार पावलं चालायला लावतात आणि मग वस्तू काढतात.

वाकलेली सळी मी परत केली नाही. काकांनी डिपॉझिटमधून तिचे दीडशे रुपये कापून घेतले, ते योग्यच आहे. ती सध्या शाळेच्या कपाटात खडूंच्या डब्याशेजारी आहे आणि मधल्या सुट्टीत मुलं ती सरळ करायचा प्रयत्न करतात. अजून कुणाला जमलेलं नाही. पुढच्या वर्षी आम्हाला शिवधनुष्य हवं आहे, मोडणारं. काकांना सांगून आले आहे. ते म्हणाले, वजन किती ठेवायचं ते रामाचं काम कोण करतोय ते बघून ठरवू.